झिजलेल्या चेहऱ्याचं कार्ड

त्या दिवशी सकाळपासून वारा सुटला होता, पण पाऊस नव्हता. आभाळ कल्हई उडालेल्या पातेल्यासारखं. मेपलची वाळकी पानं रस्त्यावरून या कडेची त्या कडेला नुसती खुरडत होती. दुपारी जरा ऊन पडलं, तेही अंगाला लागणार नाही असं. ऑक्टोबरची एकतीस तारीख, गुरुवार, हॅलोविनचा दिवस. तारीख ध्यानात ठेवा पोरांनो. पुढचं सगळं कुणी खोटं म्हटलं तरी तारीख खोटी म्हणता येणार नाही. त्या संध्याकाळी अग्निशामक दलाचा भोंगा वाजला होता, आणि तो आपल्या सगळ्या हार्टमन्सबर्ग गावानं ऐकला होता.

त्या शेकोटीत अजून एक ओंडका टाका. हं... बसा आता.

तर आपल्या लाकडाच्या वखारीतला हार्लन स्टॉफर. तुम्ही पाहिलाय त्याला. उंच, खांद्यात वाकलेला, डाव्या भुवईत पांढरी खाच. बोलणं असं सावकाश की एका शब्दानंतर दुसरा यायच्या आत माणसानं कॉफी ओतून घ्यावी. शाळा चौथीतच सुटली. वाचायचं काही आलं की ते व्हर्नानं वाचायचं आणि यानं ऐकायचं, असं त्यांचं ठरलेलं. व्हर्ना म्हणजे त्याची बायको. ती मार्चमध्ये गेली.

त्या गुरुवारी दुपारी हार्लन बल्ब आणायला बाहेर पडला. पोर्चचा दिवा आदल्या रात्री फट् करून गेला होता.

हार्डवेअरच्या दुकानात लोखंडी शेगडीपाशी मर्व्ह लँडिस कागदी पेला धरून बसला होता. मर्व्ह म्हणजे मंगळवारच्या लिलावाचा पुकारेवाला. त्याचा आवाज असा की शेजारच्या तालुक्यातल्या गायी दचकाव्यात. पण त्या दिवशी तो हळू बोलला.

"बल्ब कशाला रे?"

"पोर्चचा गेलाय."

"मग जाऊ दे की. देवानंच मालवला असं समज. यंदा अंधार राहिला तर काय बिघडलं?"

"पोरं येतील," हार्लन म्हणाला. "अंधार दिसला तर पायरी चढायची नाहीत."

"पोरांसाठी नाही म्हणत मी." मर्व्हनं पेला खाली ठेवला. "ते कार्ड लावलंस का खिडकीत?"

"सकाळीच लावलं."

"हार्लन... काढ ते."

आता कार्डाचं सांगतो, म्हणजे पुढचं कळेल. शंभरेक वर्षांमागं हॅलोविनला लोक एकमेकांना कार्डं पाठवत, नाताळाला पाठवतात तशी. जाड पुठ्ठा, रंग अजून ताजे, आणि चित्र उठावाचं, डोळे मिटून बोट फिरवलं तरी मांजराची शेपटी कळावी. चेटकिणी, काळी मांजरं, दात काढून हसणारे भोपळे. व्हर्नाला या कार्डांचा भारी नाद. लिलावात कुणाच्या माळ्यावरची खोकी निघाली की ही पुढच्या खुर्चीवर. आणि ऑक्टोबर लागला की पुढच्या खिडकीत सुतळी बांधायची, कपड्यांच्या चिमट्यांनी कार्डं टांगायची, चित्रं रस्त्याच्या बाजूला. पोरांना बघायला.

मधोमध असायचं ते आरशाचं कार्ड. लाल झग्यातली एक पोर तळघराच्या पायऱ्या पाठमोरी उतरते आहे. एका हातात मेणबत्ती, दुसऱ्या हातात आरसा. तुमच्या आज्यांना विचारा, ही रीत त्यांना ठाऊक असेल. हॅलोविनच्या रात्री बिनलग्नाच्या पोरीनं मागं न बघता तळघरात उलटं उतरायचं, आणि आरशात खांद्यावरून ज्याचा चेहरा दिसेल तो तिचा नवरा. मागं वळून पाहिलं तर आरशातलं माणूस निघून जातं. एकदा दिसलेला चेहरा मात्र तिचा. त्यावर दुसरीनं डोळा ठेवायचा नाही.

व्हर्ना सतरा वर्षांची असताना हीच रीत करायला आपल्या आईच्या तळघरात उतरली होती. आणि नेमका तेव्हाच हार्लन बाहेरच्या दारानं बटाट्यांची पोती टाकायला आत आला होता. त्याला बिचाऱ्याला कोण सांगणार! पोरीला आरशात हे लांबोडकं तोंड दिसलं, ती किंचाळली आणि आरसा खांद्यावरून मागं भिरकावला. भुवई फुटली. डॉक्टर टाके घालत होता तेव्हा हिनं त्याचा हात धरला, तो मग सोडलाच नाही. म्हणून लिलावात ते कार्ड निघालं तेव्हा ती भर सभेत ओरडली होती, "हार्लन, ही बघ मी! तू कुठं आहेस?"

हार्लन त्यात नव्हता. चित्रातल्या आरशातला चेहरा झिजून गेला होता. कुणीतरी अंगठा घासून घासून तिथला रंग उडवला होता. नुसता पांढरा डाग.

"कुणी घासला ते ठाऊक आहे तुला," मर्व्ह म्हणाला.

ठाऊक होतं. लिलावाला बसणाऱ्या सगळ्यांनाच ठाऊक होतं. कातडी कमावण्याच्या कारखान्याजवळच्या दगडी घरात एडा ग्रोफ नावाची पोर होती. ते कार्ड तिला आलेलं, आणि आरशातल्या त्या चेहऱ्यावर ती दिवसरात्र अंगठा फिरवत बसायची. चित्रात दाखवलंय तसंच करायला ती हॅलोविनच्या रात्री पायऱ्या उतरली आणि आठव्या का नवव्या पायरीवर पाय चुकला. सकाळी सापडली तेव्हा मान वेडीवाकडी, मूठ आरशाच्या दांड्यावर घट्ट. आरसा फुटला नव्हता. त्यात कुणीच दिसलं नव्हतं.

"पुढं ते कार्ड घड्याळवाल्या रीस्टकडं गेलं," मर्व्ह सांगत होता. "ब्रह्मचारी. एक नोव्हेंबरला तळघराच्या पायऱ्यांखाली सापडला. मग तो विधुर मास्तर. तोही तिथंच. मधल्या काळात नवरा-बायकोच्या घरांत ते कार्ड वर्षानुवर्षं पडून होतं, कुणाला शिंकसुद्धा आली नाही. तुमच्याकडं एवढी वर्षं होतंच की. पण एकट्या पुरुषाच्या घरात ते ठेवू नये, हार्लन. मीच ते विकलं, म्हणून सांगतो. दे मला, आत्ता या शेगडीत टाकतो."

हार्लननं बल्ब खिशात घातला.

"मी एकटा कुठं आहे?"

मर्व्हनं पेल्यात पाहिलं. "अरे, मार्चमध्ये पेटी आपणच उचलली ना तिची? तू पुढं, मी मागं."

"उचलली."

"मग?"

"मग काय? बायको गेली म्हणजे लग्न मोडलं असं तुला कुणी सांगितलं?"

"पाद्रीबाबानं सांगितलं! लग्नातच सांगितलं. मरेपर्यंत, म्हणाला होता."

"ते पाद्रीबाबा म्हणाला," हार्लन शांतपणे म्हणाला. "मी मान डोलावली नव्हती. भुवईला टाके होते, डोलवता येत नव्हती."

मर्व्हला हसू आलं आणि आवरलंही. "निदान तोंड लपव. ती एडा आली तर समोर जाऊ नकोस. आणि भोंगा झाला की दिवा मालव, ऐकतोस ना?"

"बघतो," असं म्हणून हार्लन निघाला. पण तो तसं म्हणाला की काय करतो, ते मर्व्हला चाळीस वर्षं माहीत होतं.

आपल्याकडं गावाचा नियम सगळ्यांना पाठ. सहाला भोंगा झाला की पोरं सोंगं घेऊन निघणार, आठला भोंगा झाला की घरी. ज्याच्या पोर्चवर दिवा त्याच्या दारात जायचं, अंधार असेल तिथं जायचं नाही. आणि दिवा लावलेल्यानं दारात आलेल्याला परत पाठवायचं नाही. आठचा भोंगा झाला की सगळं गाव दिवे मालवतं. व्हर्ना तेवढी मालवायची नाही. तिचा नियम वेगळा, वाटी रिकामी झाल्याशिवाय दिवा मालवायचा नाही. "एखादं पोर वाटेत रडत बसलेलं असतं, हार्लन. उशिरा येतं." ती तपकिरी मातीची मोठी वाटी मांडीवर घेऊन बसायची, हार्लनचा जुना चौकड्यांचा शिकारीचा कोट घालून, बाह्या दोन-दोन घड्या वर दुमडून. तो कोट अजून दारामागच्या खुंटीला होता. बाह्या तशाच दुमडलेल्या.

हार्लननं बल्ब बसवला. वाटीत चॉकलेटं ओतली. सहाला भोंगा झाला.

आली पोरं. सांगाडे आले, डायनोसॉर आले, एक चालतं कपडे धुण्याचं यंत्र आलं. समोरच्या घरातली दोन पोरंही आजीचा हात धरून आली. समोर ऑगस्टमध्ये यारित्सा नावाची बाई राहायला आली होती, पोर्तो रिकोची. वृद्धाश्रमात संध्याकाळची पाळी करायची, मध्यरात्री परतायची. व्हर्नाला तिनं कधी पाहिलेलं नव्हतं. हार्लनला ती 'दॉन' म्हणायची, त्यांच्याकडं मोठ्या माणसाला मानानं म्हणतात तसं. कामाला निघताना ती गाडीतूनच ओरडली,

"दॉन हार्लन! वारा बोचरा आहे, एकटेच बसू नका फार वेळ! आणि माझ्या धाकट्याला तिसरं चॉकलेट देऊ नका, तो खोटं बोलतो!"

"चौथं दिलंय," हार्लन म्हणाला.

वाऱ्यामुळं यंदा पोरं कमीच आली. आठचा भोंगा झाला तेव्हा वाटीच्या तळाशी मूठभर चॉकलेटं उरली होती.

रस्त्यावरचे दिवे एकेक मालवत गेले. लँडिसांचा गेला. कोपऱ्यावरचा गेला. यारित्साच्या सासूनं समोरचा मालवला. मग सगळ्या रस्त्यावर एकच दिवा राहिला.

तेवढ्यात कोलंबसहून डेलचा फोन आला, पोराचा.

"बाबा, झोपलात का?"

"दिवा लागलाय."

"बाबा... आई नाही आता. मालवा आणि झोपा. आणि नाताळानंतर इकडं या राहायला. त्या घरात तुम्ही एकटे, आम्हाला इथं झोप येत नाही."

"तुला लहानपणापासूनच झोप येत नाही," हार्लन म्हणाला. "आईला विचार." आणि त्यानं फोन ठेवला. ठेवल्यावर त्याला कळलं आपण काय बोललो ते. पण शब्द परत घ्यावा असं काही त्याला वाटलं नाही.

तो आत येऊन खुर्चीत बसला. पुढचं लाकडी दार उघडंच ठेवलं, जाळीचं तेवढं ओढून घेतलं. वाटी शेजारच्या स्टुलावर. खिडकीत कार्डं वाऱ्याच्या झुळकेनं जराजरा हलत होती.

दहा वाजले. अकरा. साडेअकरा.

स्वयंपाकघरात खट् झालं.

तळघराच्या दाराची कडी. जुनी लोखंडी, वर उचलावी लागणारी. हार्लन उठला, जाऊन बघितलं. दार बोटभर उघडं होतं. त्यानं लावून घेतलं, कडी टाकली, येऊन बसला.

खट्.

पुन्हा गेला. या वेळी दार वीतभर उघडं. खालून गार हवा येत होती. ओल्या दगडाचा वास. त्यानं पुन्हा लावलं.

तिसऱ्यांदा कडी वाजली तेव्हा तो उठलाच नाही.

"राहू दे उघडं," तो मोठ्यानं म्हणाला. "माझंच तळघर आहे. बटाटे आहेत खाली. दुसरं काही नाही."

दार करकरत पूर्ण उघडलं. मग शांत झालं.

वारा पडला.

पोरांनो, दिवसभर घोंघावणारा वारा एकदम पडला की कानात कसं होतं, ठाऊक आहे ना? तसं झालं. पान हलेना. खिडकीतली कार्डं थांबली. सगळी... मधलं सोडून. मधलं कार्ड चिमट्याला लटकलेलं, हळूहळू, एकदा इकडं आणि एकदा तिकडं...

मग वास आला. चरबीच्या मेणबत्तीचा. आता अशा मेणबत्त्या कुणी करत नाही.

फाटक वाजलं.

पानांवर पावलं. पण चालणं वेगळं होतं. आपण चालतो तेव्हा टाच पडते, मग चवडा. इथं आधी चवडा, मग टाच. चवडा... टाच. चवडा... टाच.

हार्लन उठून जाळीच्या दाराशी आला.

वाटेवरून एक पोर येत होती. पाठमोरी.

जाड वेणी, वेणीला फीत. लाल झगा दिव्याच्या उजेडात काळा दिसत होता. मान एका बाजूला... जरा जास्तच कललेली. एका हातात मेणबत्ती. ज्योत हलत नव्हती. दुसरा हात खांद्यावर वर धरलेला, आणि त्यात आरसा.

पायरी आली. तिनं पाय मागं टाकून चाचपली. चढली. पुन्हा चाचपली. चढली.

पोर्चवर आली. दारापासून हातभर अंतरावर थांबली. रस्त्याकडं तोंड, घराकडं पाठ.

"दिवा लागलाय," ती म्हणाली.

पोरवयाचाच आवाज. पण ओठांतून येत नव्हता. आरशातून यावा तसा.

"लागलाय," तो म्हणाला.

"म्हणजे यायचं."

"यायचं. दिवा असेल तिथं यायचंच." त्यानं स्टुलावरची वाटी उचलली. जाळीचं दार कोपरानं ढकलून त्यानं वाटी पुढं केली. "घे. आमच्या दारातून रिकाम्या हातानं कुणी जात नाही."

तिनं वाटीकडं पाहिलं नाही.

"ते माझं कार्ड आहे. खिडकीतलं."

"होतं," हार्लन म्हणाला. "आता व्हर्नाचं आहे."

"तिला नको आहे आता."

"ते तिनं मला सांगितलेलं नाही."

मेणबत्तीचा एक थेंब फळीवर पडला. आवाज झाला नाही.

"मला कुणी दिसलंच नाही," ती म्हणाली. "एवढी उतरले... एवढी... आणि कुणीच नाही." मग आवाज खाली आला. "चेहरा दाखव. तू एकटा आहेस. तळघर उघडं आहे. मी बघितलं. चेहरा दाखव... मग आपण खाली जाऊ."

आरसा तिच्या खांद्यावर इंचभर सरकला. हार्लन अजून चौकटीच्या आडोशाला होता. आरशात अजून नुसती भिंत होती आणि दाराची कड. आरसा आणखी सरकला. एक पाऊल मागं घेतलं असतं, दार लोटलं असतं, तर तो आरशात आलाच नसता. मर्व्ह तेच सांगून गेला होता. तोंड लपव.

आणि इथं, पोरांनो, आपला हार्लन, ज्यानं जन्मात कुणावर आवाज चढवला नाही, वखारीत मुकादमानं शिव्या घातल्या तरी करवत हळूच पुसत बसायचा, तो हार्लन एक पाऊल पुढं आला. पोर्चवर. दिव्याखाली. आरशाच्या बरोबर समोर.

"घे," तो म्हणाला. "बघ. नीट बघ."

आरशात त्याचं तोंड आलं. आणि त्याच्या शेजारी, काचेतच, दोन डोळे. तिचे.

"ही भुवई बघ. दिसतीय खाच? आरशानं झालेली आहे. असल्याच आरशानं, असल्याच रात्री. हा चेहरा एकीनं आधीच पाहिलाय. तुझीच रीत आहे ना ही? मग रीतीनं चाल. एकदा दिसलेला चेहरा तिचा. त्यावर दुसरीनं डोळा ठेवायचा नाही."

डोळे हलले नाहीत.

"ती मेली."

"मेली," हार्लन म्हणाला. "म्हणून काय झालं?"

"तू एकटा आहेस."

"नाही."

"एकटा आहेस. सगळे म्हणतात."

"सगळे म्हणू देत! मुलगा म्हणतो, मर्व्ह म्हणतो, आता तूही म्हण. मी विधुर आहे, मोकळा नाही."

आरसा थरथरला. ज्योत पहिल्यांदाच वाकली.

"मग कुठं आहे ती?" पोर ओरडली. त्या ओरडण्यात राग नव्हता, रडं होतं. शंभर वर्षांचं. "कुठं आहे? दाखव! कुठं आहे...?"

हार्लन नुसता उभा राहिला. वाटी धरून.

"आहे," तो म्हणाला.

मग आरशातले डोळे हलले.

त्याच्या चेहऱ्यावरून. भुवईवरून. सावकाश... त्याच्या खांद्यामागं.

आणि मोठे झाले.

मागं घरात फळी वाजली. दाराजवळची तिसरी. खुंटीवर काहीतरी सळसळलं.

हार्लनच्या मानेवर काटा आला. वळावं असं त्याला इतकं वाटलं, इतकं वाटलं, की मान आपोआप फिरायला लागली. आणि मग आठवलं. मागं वळून पाहिलं तर आरशातलं माणूस निघून जातं.

त्यानं मान जागच्या जागी धरली. दात आवळले. तरी स्वतःचा भरवसा वाटेना, तेव्हा त्यानं डोळे घट्ट मिटून घेतले.

कोपराला काही घासून गेलं. जाड. खरखरीत. लोकरीचं.

हातातली वाटी कुणीतरी अलगद काढून घेतली.

पायऱ्या वाजल्या. पावलं दोन जणांची. एकीची आधी चवडा मग टाच. आणि मध्येच, पायऱ्यांच्या खाली कुठंतरी, ती थांबली. पुन्हा निघाली तेव्हा आधी टाच पडली, मग चवडा.

फाटक वाजलं.

डोळे उघडायला हार्लनला बराच वेळ लागला. पोर्च रिकामा होता. दिवा लागलेला होता. वारा पुन्हा सुटला होता. तो कसाबसा आत आला, खुर्चीत बसला. दिवा त्यानं मालवला नाही. हे तो शपथेवर सांगतो. बटणाला हातसुद्धा लावला नाही. बसल्या जागी त्याचा डोळा लागला.

सकाळी जाग आली तेव्हा उन्हं घरात आली होती. खिडकीत सगळी कार्डं होती. मधलंही. पांढरा डागही होता तसाच. तळघराचं दार लावलेलं, कडी टाकलेली. कोट खुंटीला.

पोर्चचा दिवा बंद होता. बल्ब गेला म्हणावं तर तोही नाही, बटणच बंद केलेलं होतं.

आणि मोरीशेजारी, फडक्यावर, तपकिरी वाटी. धुतलेली. पालथी.

हार्लन तिच्यासमोर किती वेळ उभा राहिला कोण जाणे. दारावर टकटक झाली तेव्हा तो दचकला. बाहेर यारित्सा होती, हातात झाकलेली ताटली.

"दॉन हार्लन, हे नारळाचं गोड केलंय, घ्या. दोघांना पुरेल. रागावू नका, पण काल मला तुमचा राग आला होता. मध्यरात्री गाडी लावत होते, तर तुमच्याकडून एक पोर निघाली, इतक्या उशिरा, सोंग घेतलेली, लाल झगा. म्हटलं, एवढीशी पोर एकटी कशी सोडली? तर बरोबर त्या बाई होत्या. मोठ्या चौकड्यांचा कोट, बाह्या दुमडलेल्या. पोरीच्या खांद्यावर हात टाकून तिला कोपऱ्यापर्यंत सोडायला गेल्या. आणि ती पोर, सांगते तुम्हाला, दोन्ही हातांनी चॉकलेटं खात होती, कधी मिळालीच नसल्यासारखी! मग बाई परत आल्या, रिकामी वाटी काखेत. मला बघून म्हणाल्या, 'झालं एकदाचं. संपली.' आणि दारातून आत हात घालून दिवा मालवला आणि गेल्या घरात. मी उगीच तीन महिने काळजी करत होते हो, दॉन हार्लन. मला वाटायचं, तुम्ही एकटेच राहता."